हामादोरीचा किनारा : पाणी, माती आणि किरणोत्सर्ग

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य भागात आबुकुमा डोंगर आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी दक्षिणोत्तर पसरली आहे. फुकुशिमा प्रांतातल्या या पट्टीला हामादोरी म्हणतात. दक्षिण टोकाला इवाकी हे शहर, उत्तरेला सोमा हे मासेमारीचे बंदर आणि दोहोंच्या मध्ये नाराहा, तोमिओका, ओकुमा, फुताबा, नामिए, मिनामिसोमा अशी गावे आहेत. ओकुमा आणि फुताबा यांच्या शिवेवर, टोकियोपासून सुमारे २२५ किलोमीटरवर, फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्र आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीनंतर या केंद्रातल्या तीन अणुभट्ट्यांचे इंधन वितळले. त्यानंतर किरणोत्सर्गाने पाण्याचे, धातूंचे, मातीचे आणि जंगलाचे काय केले, याचा इतका बारकाईने अभ्यास झालेला प्रदेश जगात क्वचितच सापडेल.

टोकियोहून येणारी जोबान रेल्वे किनाऱ्याने उत्तरेकडे जाते. अपघातानंतर तिचा मधला टप्पा नऊ वर्षे बंद होता. संपूर्ण मार्ग १४ मार्च २०२० रोजी पुन्हा सुरू झाला. रेल्वेला समांतर जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ मोटारींसाठी सप्टेंबर २०१४ मध्येच खुला झाला होता. या महामार्गाच्या कडेला जागोजागी फलक आहेत आणि त्यांवर त्या ठिकाणच्या किरणोत्सर्गाचा आकडा मायक्रोसिव्हर्ट प्रतितास या एककात झळकतो. किरणोत्सर्गाचा शरीरावर होणारा परिणाम सिव्हर्टमध्ये मोजतात, तर पदार्थाची किरणोत्सारिता बेकरेलमध्ये. दर सेकंदाला एका अणुकेंद्राचा ऱ्हास म्हणजे एक बेकरेल. इवाकीकडून उत्तरेला निघाल्यावर फलकांवरचे आकडे हळूहळू वाढतात, ओकुमा-फुताबाच्या आसपास सर्वाधिक होतात आणि पुढे पुन्हा उतरतात. मात्र हा चढउतार अंतराच्या प्रमाणात होत नाही. एखाद्या वळणानंतर आकडा अचानक बदलतो. वारा, पाऊस, मातीची जात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा रासायनिक स्वभाव यांवर तो ठरतो.

प्रवासातला पहिला महत्त्वाचा थांबा नाराहा आणि हिरोनो यांच्या सीमेवरचे जे-व्हिलेज. १९९७ मध्ये सुरू झालेले हे फुटबॉल प्रशिक्षण केंद्र अणुवीज केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. अपघातानंतर त्याची मैदाने मदतकार्याचा तळ बनली. कामगार इथे संरक्षक पोशाख चढवून बसने पुढे जात आणि परतल्यावर तपासणी करून घेत. २०१९ मध्ये ते पुन्हा खेळाडूंसाठी पूर्णपणे खुले झाले आणि मार्च २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची मशालयात्रा इथूनच निघाली.

पुढे तोमिओकात, महामार्गालगत, दाइची केंद्र चालवणाऱ्या टेपको या वीज कंपनीचे माहिती केंद्र आहे. २०१८ मध्ये उघडलेले हे केंद्र पूर्वीच्या एका ऊर्जा संग्रहालयाच्या इमारतीत आहे. एडिसन, आइन्स्टाइन आणि मेरी क्यूरी यांच्या घरांच्या धर्तीवर ती बांधलेली आहे. आत अपघाताचा क्रम चित्रफितींतून आणि प्रतिकृतींतून मांडला आहे.

दाइची केंद्रात सहा अणुभट्ट्या होत्या. पहिली १९७१ मध्ये सुरू झाली. उकळत्या पाण्याच्या या भट्ट्यांत इंधनाभोवतीचे पाणी उकळते आणि तीच वाफ थेट टर्बाइन फिरवते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकसित केलेला हा प्रकार आहे. पालघर जिल्ह्यात १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच कंपनीच्या आणि याच जातीच्या, पण आकाराने लहान आहेत. दाइची उभारताना समुद्रकाठचा सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा कापून भट्ट्यांसाठी समुद्रसपाटीपासून १० मीटरवर जागा केली गेली. २०११ ची लाट १४ ते १५ मीटरपर्यंत चढली. भूकंपाने बाहेरची वीज आधीच तोडली होती, आता तळघरातली डिझेल जनित्रे बुडाली आणि इंधन थंड ठेवणारे पंप थांबले.

साखळी प्रक्रिया भूकंपाच्या क्षणीच बंद झाली होती. परंतु इंधनात साठलेली विखंडनाची उत्पादने ऱ्हास पावताना उष्णता देतच राहतात. पाणी आटले आणि इंधनकांड्या उघड्या पडल्या. या कांड्यांचे आवरण झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे असते. नेहमीच्या तापमानाला हा धातू पाण्यात उत्तम टिकतो. १२०० अंश सेल्सियसच्या पुढे मात्र तो वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो, हायड्रोजन मोकळा होतो आणि या क्रियेतून आणखी उष्णता निघते. इमारतींच्या छपराखाली साठलेल्या या हायड्रोजनचा स्फोट पहिल्या भट्टीत १२ मार्चला, तिसऱ्या भट्टीत १४ मार्चला आणि चौथ्या भट्टीच्या इमारतीत १५ मार्चला झाला. चौथ्या भट्टीत त्या वेळी इंधनच नव्हते; तिथला हायड्रोजन तिसऱ्या भट्टीतून सामाईक वाहिनीवाटे आला होता.

तोमिओकाच्या उत्तर भागात योनोमोरी ही चेरीच्या झाडांसाठी प्रसिद्ध वस्ती लागते. रस्त्यावर दुतर्फा असलेली ही झाडे दोन किलोमीटरहून अधिक लांब कमान धरतात. अनेक वर्षे या कमानीचा बराच भाग फाटकाआड होता. इथले निर्बंध २०२३ च्या वसंतात उठले. त्यानंतर ओकुमाची हद्द सुरू होते.

दाइची केंद्राच्या आवारात पूर्वनोंदणीने गट भेटी होतात. पहिल्या चार भट्ट्यांसमोरच्या उंचवट्यावर एक पाहणी चौथरा आहे. तिथे आता साध्या कपड्यांत उभे राहता येते, फक्त प्रत्येकाजवळ मात्रामापक असतो. आवारातला बहुतेक उघडा भाग डांबर आणि सिमेंटने झाकून टाकल्यामुळे धूळ उडत नाही आणि पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही. भट्ट्यांच्या मागे पूर्वी झाडी होती. तिथे निळसर-करड्या पोलादी टाक्यांच्या रांगा आहेत. एक हजाराहून अधिक टाक्या आणि त्यांत सुमारे १३ लाख टन पाणी, असे हे दृश्य २०२३ पर्यंत वाढत गेले.

हे पाणी दोन वाटांनी तयार होते. वितळून घट्ट झालेले इंधन थंड ठेवण्यासाठी त्यावर सतत पाणी सोडावे लागते. शिवाय डोंगराकडून समुद्राकडे वाहणारे भूजल भेगांतून तळघरांत शिरते. सुरुवातीला असे सुमारे ४०० टन पाणी रोज वाढत होते. ते रोखण्यासाठी भट्ट्यांभोवती सुमारे दीड किलोमीटर लांबीचा आणि ३० मीटर खोलीचा बर्फाचा बांध घातला आहे. जमिनीत उभ्या पुरलेल्या नळ्यांतून उणे ३० अंशांचे मिठाचे द्रावण फिरते आणि भोवतीची ओली माती गोठते. हा बांध, उपसा विहिरी आणि डांबरी आच्छादन यांमुळे रोजची वाढ शंभर टनांच्या खाली आली.

तीव्र किरणोत्सर्ग पाण्यातून जातो तेव्हा पाण्याचे रेणू फुटतात. या क्रियेला रेडिओलिसिस म्हणतात. सेकंदाच्या अब्जांशाहून कमी वेळात हायड्रॉक्सिल मूलके, मोकळे इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजनचे अणू तयार होतात. त्यांतले बहुतेक एकमेकांशी जुळून पुन्हा पाणीच होते. थोडा हायड्रोजन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मागे राहतात. शुद्ध पाण्यात हा हायड्रोजनही बहुतांशी परत वापरला जातो, कारण हायड्रॉक्सिल मूलके त्याचे पुन्हा पाणी करतात. समुद्राच्या पाण्यात असे होत नाही. त्यातले क्लोराइड आणि ब्रोमाइड ही मूलके आधीच टिपून घेतात, म्हणून हायड्रोजन शिल्लक राहतो. मार्च २०११ मध्ये दाइचीत भट्ट्यांत आणि वापरलेल्या इंधनाच्या हौदांत समुद्राचे पाणी घालावे लागले, तेव्हा ही बाब पाठ्यपुस्तकातून थेट कामाच्या जागी आली. उपाय म्हणून भट्ट्यांच्या कवचांत नायट्रोजन सोडण्यात आला. हवेतील हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. नायट्रोजनमुळे तिथे ऑक्सिजनच उरत नाही. हौदांतले मीठ काढले गेले आणि पोलाद गंजू नये म्हणून हायड्राझिन मिसळले गेले.

तळघरातून उपसलेले पाणी आधी झिओलाइटसारख्या खनिजांच्या स्तंभांतून जाते. तिथे सीझियम अडकते. पुढे एएलपीएस नावाची शुद्धीकरण यंत्रणा स्ट्रॉन्शियमसह ६२ किरणोत्सारी समस्थानिके काढण्यासाठी बांधलेली आहे. वेगळा झालेला गाळ पॉलिइथिलीनच्या जाड पिंपांत भरून ठेवतात, आणि इथे किरणोत्सर्गाची दुसरी बाजू दिसते. गाळातल्या स्ट्रॉन्शियमचे बीटा किरण प्लास्टिकच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. काही तुटलेली टोके एकमेकांशी जुळतात, तर हवेतला ऑक्सिजन लागला की बाकीची ठिसूळ होतात. पिंपांसाठी ५,००० किलोग्रे ही मात्रेची मर्यादा ठरवली होती (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक). २०२१ मधल्या फेरगणनेत ३१ पिंपांनी ती ओलांडल्याचे दिसले आणि त्यांतला गाळ नव्या पिंपांत हलवण्याचे काम सुरू करावे लागले. त्याआधी २०१५ मध्ये काही पिंपांच्या झाकणांवर पाणी साचलेले आढळले होते. गाळात रेडिओलिसिसने तयार झालेले हायड्रोजनचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांनी पातळी वर ढकलली आणि पाणी वरून झिरपले.

शुद्धीकरणानंतर पाण्यात मुख्यतः ट्रिटियम उरते. हा हायड्रोजनचाच समस्थानिक असल्याने तो पाण्याच्या रेणूत सामावलेला असतो. पाण्यापासून पाणीच वेगळे कसे काढणार, अशी ही अडचण. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे आणि त्याचे बीटा किरण इतके दुबळे असतात की ते त्वचा भेदत नाहीत. हे पाणी समुद्रात सोडण्यास २४ ऑगस्ट २०२३ रोजी सुरुवात झाली. टाक्यांतल्या बऱ्याच पाण्यात इतर समस्थानिके अजून मर्यादेबाहेर असतात, त्यामुळे असे पाणी आधी पुन्हा शुद्ध करावे लागते. मग ते समुद्राच्या पाण्याने शेकडो पटींनी पातळ करून समुद्रतळाखालच्या एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर जाते. सोडतेवेळी लिटरमागे १,५०० बेकरेलहून कमी ट्रिटियम असावे असे बंधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्गदर्शक आकडा लिटरमागे १०,००० बेकरेल आहे. एका खेपेला सुमारे ७,८०० टन पाणी सोडले जाते, आणि वर्षाला २२ लाख कोटी बेकरेलची कमाल मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ च्या अहवालात ही योजना सुरक्षा निकषांना धरून असल्याचे म्हटले. तरीही चीनने जपानी सागरी अन्नावर बंदी घातली, आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध मावळला नाही. रिकाम्या झालेल्या टाक्या तोडण्याचे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाले.

चौथऱ्यावरून भट्ट्यांच्या आतले काही दिसत नाही. तिथे जे आहे ते यंत्रमानवांनी थोडेथोडे दाखवले आहे. तीव्र गॅमा किरण अर्धवाहकांत नको तिथे विद्युतभार साठवतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगाची काच काळवंडवतात, त्यामुळे यंत्रेही फार टिकत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या भट्टीत पाठवलेल्या सफाई यंत्राच्या कॅमेऱ्याचे चित्र सुमारे दोन तासांत अंधारू लागले आणि ते मागे घ्यावे लागले. पहिल्या भट्टीत पाण्याखाली फिरवलेल्या यंत्राने २०२२ आणि २०२३ मध्ये दाखवले की दाबपात्राला आधार देणाऱ्या चबुतऱ्याचे काँक्रीट जागोजागी नाहीसे होऊन आतल्या पोलादी सळया उघड्या पडल्या आहेत. हे काम किरणांचे नसून वितळलेल्या इंधनाच्या उष्णतेचे. इंधन, धातू आणि काँक्रीट मिसळून झालेला असा मलबा तिन्ही भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या भट्टीतून त्याचा पहिला नमुना बाहेर आला. त्याचे वजन ०.७ ग्रॅम भरले.

केंद्राबाहेर पडल्यावर ओकुमा आणि फुताबाच्या शेतांत मातीचे लांबलचक सपाट ढिगारे दिसतात. केंद्राला वेढून असलेल्या सुमारे १,६०० हेक्टर जागेत प्रांतभरातून खरवडून आणलेली माती साठवली आहे. अपघातातून बाहेर पडलेल्या द्रव्यांपैकी आयोडिन-१३१ चा अर्धायुकाल आठच दिवस असल्याने ते काही महिन्यांत संपले. सीझियम-१३४ चा अर्धायुकाल दोन वर्षे आणि सीझियम-१३७ चा तीस वर्षे. ही दोन्ही सुरुवातीला जवळपास सारख्याच प्रमाणात पडली होती. दहा वर्षांनी पहिल्याचे तीनेक टक्के उरले आणि दुसऱ्याचे सुमारे ऐंशी टक्के. पहिल्या दशकात आकडे वेगाने उतरले आणि आता ते संथ झाले, याचे हे मुख्य कारण.

सीझियम मातीत खोल गेले नाही. आबुकुमाच्या ग्रॅनाइटमधले अभ्रक झिजून झालेल्या चिकणमातीचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात, आणि थरांच्या फाटलेल्या कडांत सीझियमचा आयन नेमका बसतो. तिथे रुतला की तो पावसाने सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे बहुतेक सीझियम वरच्या पाच सेंटिमीटर मातीत राहिले आणि तेवढा थर खरवडणे उपयोगी ठरले. त्यातून सुमारे १.४ कोटी घनमीटर माती आणि कचरा जमला. ही माती २०४५ पर्यंत फुकुशिमाबाहेर कायमची हलवावी, असा कायदा आहे. किलोमागे ८,००० बेकरेलपर्यंतची माती बांधकामात वापरण्याचा सरकारचा प्रस्ताव असून, विश्वास बसावा म्हणून २०२५ मध्ये तिच्यातली थोडी माती टोकियोतल्या पंतप्रधान कार्यालयाच्या बागेत वापरली गेली.

फुताबात समुद्राकडच्या बाजूला २०२० मध्ये उघडलेले आपत्ती स्मारक संग्रहालय आहे. एकेकाळी गावच्या मुख्य रस्त्यावर अणुऊर्जेला उज्ज्वल भविष्याची ऊर्जा म्हणून गौरवणारी मोठी कमान होती. तिचा फलक आता इथे ठेवला आहे. अपघातापूर्वी फुताबात सुमारे सात हजार लोक राहत. गावात राहण्याची परवानगी ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली आणि परतलेल्यांची संख्या अजून शेकड्यांतच आहे.

नामिएच्या किनाऱ्यावरची उकेदो प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे ३०० मीटरवर आहे. त्या दिवशी शाळेत असलेली सर्व मुले शिक्षकांबरोबर दीड किलोमीटरवरच्या टेकडीकडे चालत गेली आणि वाचली. लाटेने फोडलेली इमारत २०२१ पासून तशीच जतन करून पाहण्यासाठी खुली आहे. मात्र याच किनाऱ्यावर ढिगाऱ्यांखाली अडकलेल्यांचा शोध दुसऱ्या दिवशी सकाळी स्थलांतराचा आदेश आल्याने थांबवावा लागला होता. विस्थापितांची संख्या प्रांतात दीड लाखाच्या वर गेली. स्थलांतर, विस्कळीत उपचार आणि ताण यांतून ओढवलेले मृत्यू फुकुशिमात त्सुनामीच्या थेट बळींहून अधिक, म्हणजे २,३०० हून जास्त नोंदले गेले आहेत.

नामिएहून रस्ता डोंगरात वळतो तसे फलकांवरचे आकडे किनाऱ्यापेक्षा वर जातात. १५ मार्च २०११ रोजी दुसऱ्या भट्टीतून मोठे उत्सर्जन झाले. वारा वायव्येकडे फिरला, डोंगरात पाऊस आणि बर्फ पडला आणि सीझियम त्याच दिशेच्या लांबट पट्ट्यात खाली आले. स्थलांतराचे वर्तुळ मात्र २० किलोमीटरचे आखलेले होते. त्याबाहेरच्या इताते गावात किनाऱ्यावरच्या मिनामिसोमापेक्षा कितीतरी जास्त प्रदूषण झाले आणि ते गाव एप्रिलच्या उत्तरार्धात आदेश आल्यानंतर हळूहळू रिकामे झाले.

फुकुशिमा प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे आणि घरांलगतचा पट्टा सोडला तर तो खरवडलेला नाही. सुरुवातीला सीझियम झाडांच्या पानांवर होते. नंतर ते पाचोळ्यात आणि शेवटी वरच्या मातीत उतरले. पाचोळ्यात चिकणमाती कमी असल्याने सीझियम तिथे सैल राहते आणि बुरशीचे तंतू ते उचलतात. त्यामुळे रानटी अळंब्या, काही रानभाज्यांचे कोंब आणि ते खाणारी रानडुकरे यांत अजून मर्यादेपेक्षा जास्त सीझियम सापडते. या भागात काही मायक्रोमीटर व्यासाचे, सीझियम भरलेले काचेसारखे सिलिकाकणही आढळले आहेत. ते भट्टीतल्या प्रचंड तापमानात तयार झाले आणि पाण्यात फारसे विरघळत नाहीत.

डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी नितळ असते तेव्हा त्यात सीझियम अत्यल्प असते. पुरात गढूळ झाले की मातीचे कण ते वाहून आणतात. नामिएच्या वरच्या बाजूला असलेल्या ओगाकी धरणाचा तळ असा गाळ अडवून धरतो. खालच्या खोऱ्यांतल्या शेतीला हे उपयोगीच पडले.

मिनामिसोमाच्या भातखाचरांत आणखी एक रासायनिक युक्ती कामी आली. सीझियम आणि पोटॅशियम एकाच कुळातली मूलद्रव्ये आहेत आणि भाताची मुळे दोघांना जवळजवळ सारखेच वागवतात. जमिनीत पोटॅशियम खत भरपूर घातले की सीझियमचे शोषण घटते. २०१२ पासून काही वर्षे प्रांतातल्या तांदळाचे प्रत्येक पोते, वर्षाला सुमारे एक कोटी, यंत्राखालून गेले. किलोमागे १०० बेकरेल ही अन्नाची मर्यादा २०१५ च्या पिकापासून एकाही पोत्याने ओलांडली नाही, त्यामुळे पुढे बहुतेक भागांत नमुना तपासणी पुरेशी मानली गेली.

प्रवासाचे उत्तर टोक म्हणजे सोमाचे मासळी बंदर. इथली मासेमारी जून २०१२ मध्ये मोजक्या जातींपासून चाचणी म्हणून सुरू झाली आणि तो टप्पा मार्च २०२१ मध्ये संपला. खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकतो. त्याबरोबर सीझियमही जाते, म्हणून स्वच्छ पाण्यात आल्यावर तो काही महिन्यांत निवळतो. गोड्या पाण्यातला मासा क्षार जपून ठेवतो, म्हणून डोंगरातल्या तलावांतल्या माशांत सीझियम जास्त काळ टिकले. अपवाद अणुवीज केंद्राच्या, जाळ्यांनी बंद केलेल्या बंदराचा. तिथे मे २०२३ मध्ये पकडलेल्या एका काळ्या खडकमाशात किलोमागे १८,००० बेकरेल सीझियम मिळाले. बाजारात मासळी येते ती तपासून, आणि मच्छीमार संघांची स्वतःची मर्यादा सरकारी मर्यादेच्या निम्मी, म्हणजे ५० बेकरेल आहे.

प्रवाशाला इवाकी ते सोमा हा मार्ग रेल्वेने किंवा मोटारीने एका दिवसात करता येतो. संग्रहालये आणि शाळा पाहायची तर दोन दिवस लागतात. केंद्राच्या भेटीत मिळणारी मात्रा सहसा काही शतांश मिलिसिव्हर्टपर्यंतच असते. ओकुमा आणि फुताबात अजूनही काही रस्त्यांवर फाटके आहेत आणि त्यांच्या आत जाण्यास परवाना लागतो. केंद्र मोडीत काढण्याचे काम २०४१ ते २०५१ च्या दरम्यान संपवावे असे अधिकृत वेळापत्रक आहे. तथापि, मलबा मोठ्या प्रमाणावर काढण्याची सुरुवातच २०३७ किंवा त्यानंतर होईल असे २०२५ मध्ये जाहीर झाले. तोवर सीझियम-१३७ चा जवळजवळ एक पूर्ण अर्धायुकाल उलटलेला असेल.